युबिसॉफ्ट विकली जाणार का? सांगलीकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२००३ ते २०११ मी विश्रामबागेत गेमिंग कॅफे चालवला. आठ मशीन, तासाला पंधरा रुपये, आणि परीक्षा संपल्या की दारात चपलांचा ढीग. आता त्याच गाळ्यात कॉम्प्युटर आणि कन्सोल दुरुस्त करतो. जानेवारी २०२६ मध्ये युबिसॉफ्ट या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीनं सहा गेम रद्द केले आणि तिचा शेअर एका दिवसात तिसऱ्या हिश्शानं घसरला. तेव्हापासून दुकानात रोज कोणीतरी हा विषय काढतंच. कॅफेत वाढलेली पोरं विचारतात, ती आता स्वतः बाप झाली आहेत. पुण्यात मुलं नोकरीला असलेले आई-वडील विचारतात. शेअरबाजार बघणारे दोघं-तिघं विचारतात. येईल त्याला तुटक उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून काढलंय.

ही कंपनी मुळात कोणाची?

फ्रान्समधल्या पाच सख्ख्या भावांची. आडनाव गिलमो, गाव कारान्त्वार, प्रांत ब्रिटनी. हा प्रांत शेतीचा. त्यांच्या आई-वडिलांचा धंदा शेतकऱ्यांना लागणारा माल पुरवण्याचा होता, आपल्याकडच्या कृषी सेवा केंद्रासारखा. पोरं शिकून आली आणि त्याच धंद्याच्या आधारानं कॉम्प्युटर आणि गेम विकायला लागली. फ्रान्समध्ये मिळणारा माल इंग्लंडातून मागवला तर बराच स्वस्त पडतो हे त्यांनी हेरलं, आणि टपालानं विक्री सुरू केली. १९८६ मध्ये त्यातूनच युबिसॉफ्ट उभी राहिली. पाच भावांपैकी इव्ह गिलमो आजही प्रमुख आहेत.

हे मुद्दाम सांगतो. परदेशी कंपनी म्हटलं की काचेची इमारत डोळ्यांसमोर येते. ही मात्र भावकीची कंपनी आहे, आणि तिच्या विक्रीच्या चर्चेतली निम्मी गुंतागुंत भावकीतूनच आलेली आहे.

म्हणजे सगळे शेअर घरातच आहेत का?

नाही. कुटुंबाकडं शेअर आहेत साधारण १५ टक्के, पण मतं साधारण २० टक्के. बाकी शेअर बाजारात, हजारो लोकांकडं आणि फंडांकडं विखुरलेले.

शेअर १५ आणि मतं २०, हे कसं?

सांगली जिल्ह्यातल्या माणसाला हे पटकन कळायला हवं. सहकारी साखर कारखान्यात एका सभासदाला एकच मत. एक शेअर असो की पन्नास, मतदानाच्या दिवशी शिक्का एकदाच. कंपनीत तसं नसतं, तिथं जितके शेअर तितकी मतं. फ्रान्समध्ये त्याच्याही पुढं एक सोय आहे. स्वतःच्या नावावर नोंदवलेला शेअर दोन वर्षं सलग ठेवला तर त्या एका शेअरला दोन मतं मिळतात. जुने, टिकून राहिलेले मालक जड व्हावेत आणि काल शेअर घेऊन आज कंपनी बळकावायला आलेला हलका पडावा, हा त्यामागचा हेतू.

हा मुद्दा डोक्यात पक्का ठेवा. पैसा किती आला याच्या बातम्या येतात, मत कोणाकडं गेलं हे बातमीच्या शेवटच्या ओळीत असतं. मी आता शेवटची ओळ आधी वाचतो.

इतकी मोठी कंपनी अडचणीत आली कशी?

आडसाली उसाला आपण अठरा महिने थांबतो, आणि तेवढ्यातही सोसायटीचं कर्ज, खताची उधारी, ट्रॅक्टरचं भाडं यानं जीव टांगणीला लागतो. मोठ्या गेमला चार-पाच वर्षं लागतात. त्या सगळ्या काळात शेकडो माणसांचा पगार चालू असतो आणि विक्रीचा एक पैसा आलेला नसतो. एका काळी या कंपनीत २०,००० हून जास्त माणसं होती. अशा वेळी लागोपाठ दोन-तीन पिकं हाताशी आली नाहीत तर काय होणार, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला सांगावं लागत नाही.

झालं नेमकं तसंच. समुद्री चाच्यांवरचा 'स्कल अँड बोन्स' २०१७ मध्ये जाहीर झाला आणि बाजारात आला फेब्रुवारी २०२४ मध्ये. तोवर खेळणाऱ्यांची ओढ संपली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये 'स्टार वॉर्स आउटलॉज' आला, तो अपेक्षेपेक्षा कमी खपला. लगेच 'असॅसिन्स क्रीड शॅडोज' पुढं ढकलला, आधी नोव्हेंबर २०२४ वरून फेब्रुवारी २०२५ वर, मग २० मार्चवर. 'एक्सडिफायंट' हा फुकट खेळायचा नेमबाजीचा गेम मे २०२४ मध्ये सुरू झाला, आणि त्याच डिसेंबरात तो बंद करत असल्याचं जाहीर झालं. बाजारानं हे सगळं टिपलं. २०१८ च्या जुलैत शंभर युरोंच्या वर गेलेला शेअर २०२४ च्या सप्टेंबरात दहाच्या आसपास आला, आणि २०२६ च्या जानेवारीत पाचाच्याही खाली. २०२५-२६ या वर्षाचा तोटा १०० कोटी युरोंच्या घरात जाईल, असं कंपनीनंच तेव्हा सांगितलं होतं.

नुसती वाईट वेळ म्हणून हे सोडून देता येणार नाही, असं मला वाटतं. एकच साचा घेऊन मोठ्ठा नकाशा, शेकडो खुणा, ऐंशी तासांचा खेळ असं करत राहिल्यानं त्यांचे गेम एकमेकांसारखे व्हायला लागले. कॅफेत वाढलेल्या पोरांनी मला हे २०१४ सालीच सांगितलं होतं. तेव्हा मी त्यांच्याशी वाद घातला होता. त्यांचं बरोबर होतं.

'प्रिन्स ऑफ पर्शिया'चं काय झालं? तो पुण्यात होत होता ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि उत्तर देताना मलाच जड जातं.

युबिसॉफ्टचा पुण्याचा स्टुडिओ २००८ पासून आहे, तो गेमलॉफ्ट या दुसऱ्या गेम कंपनीकडून घेतलेला. मुंबईचा स्टुडिओ २०१८ मध्ये सुरू झाला. पुण्यात बरीच वर्षं मुख्य काम टेस्टिंगचं होतं. दुसऱ्यानं बनवलेल्या गेममध्ये चुका शोधायच्या. एकाच भिंतीवर दोनशे वेळा उडी मारून बघायची, आत अडकतो का ते नोंदवायचं. मग सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की २००३ च्या 'सँड्स ऑफ टाइम'ची नवी आवृत्ती पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ मिळून बनवणार. आमच्या आठही मशीनवर जो गेम झिजला, तो आता आपली माणसं बनवणार होती. त्या रात्री जुन्या गिऱ्हाइकांचे मला अकरा फोन आले.

पहिल्या झलकेवर जगभरातून टीका झाली, चित्रं जुनाट दिसतात म्हणून. तारीख पुढं गेली, पुन्हा पुढं गेली. २०२२ मध्ये काम माँट्रियलला हलवलं, जिथं मूळ गेम बनला होता. आणि जानेवारी २०२६ मध्ये जे सहा गेम रद्द झाले, त्यांत हा होता.

पुण्याच्या पोरांना जमलं नाही, असं कोणी म्हणालं की मला राग येतो. वर्षानुवर्षं टेस्टिंग करणाऱ्या स्टुडिओला पहिलंच मोठं काम असं द्यायचं की जगभरातल्या लोकांना तो गेम तोंडपाठ आहे, आणि पहिली झलक फसली की काम काढून घ्यायचं. माँट्रियललाही त्यानंतर जवळजवळ चार वर्षं मिळाली, तरी तो बाहेर आला नाही.

याआधी कोणी ही कंपनी घ्यायला बघितलं होतं का?

हो, आणि तो किस्सा समजला तरच आजचं समजतं.

डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेच्या ईए या गेम कंपनीनं अचानक १९.९ टक्के हिस्सा उचलला. बरीच वर्षं भीती राहिली, शेवटी २०१० मध्ये ईएनं तो विकून टाकला.

दुसरी वेळ जास्त गंभीर होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये व्हिवेंडी या फ्रेंच माध्यम कंपनीनं भावांना न विचारता बाजारातून शेअर गोळा करायला सुरुवात केली. एकाच वेळी दोन कंपन्यांचे, युबिसॉफ्टचे आणि गेमलॉफ्टचे. गेमलॉफ्ट ही पाचांपैकी मिशेल या भावाची कंपनी. जून २०१६ मध्ये गेमलॉफ्ट गेली. भावाची कंपनी डोळ्यांदेखत गेल्यावर बाकीच्यांची झोप उडाली असणार. व्हिवेंडी युबिसॉफ्टमध्ये २७ टक्क्यांपर्यंत पोचली होती. फ्रान्समध्ये ३० टक्के ओलांडले की उरलेल्या सगळ्या भागधारकांचे शेअर विकत घेण्याची बोली लावावीच लागते. म्हणजे ती उंबरठ्यावर उभी होती.

शेवटी मार्च २०१८ मध्ये तोडगा निघाला. व्हिवेंडीनं सगळा हिस्सा सुमारे २०० कोटी युरोंना सोडला आणि पाच वर्षं परत शेअर न घेण्याचं कबूल केलं. पण ते शेअर घ्यायला कोणीतरी लागणारच होतं. घेणाऱ्यांमध्ये एक नाव होतं चीनच्या टेन्सेंट या बड्या इंटरनेट आणि गेम कंपनीचं, ५ टक्के. आजची गोष्ट माझ्या मते तिथंच सुरू झाली.

मग टेन्सेंटनं कंपनी घेतलीच आहे की?

नाही. पण हळूहळू आत आली आहे.

२०२२ मध्ये तिनं गिलमो भावांच्या कुटुंब कंपनीत ३० कोटी युरो घातले. त्या कंपनीतला ४९.९ टक्के हिस्सा मिळाला, मतं मात्र ५ टक्के. बघा, परत तोच शेअर आणि मताचा फरक. भावांनी पैसा घेतला, मत दिलं नाही.

मार्च २०२५ मध्ये मोठा व्यवहार जाहीर झाला. युबिसॉफ्टनं आपली सगळ्यात कमावती तीन नावं, 'असॅसिन्स क्रीड', 'फार क्राय' आणि 'रेनबो सिक्स', बाजूला काढून व्हँटेज स्टुडिओज ही वेगळी उपकंपनी केली. टेन्सेंटनं त्यात ११६ कोटी युरो घालून चौथा हिस्सा घेतला. तो व्यवहार २०२५ च्या नोव्हेंबरात पुरा झाला.

आपल्या भाषेत सांगायचं तर घरच्या रानातला नदीकाठचा बागायती तुकडा वेगळा काढला, त्याचा सातबारा स्वतंत्र केला, आणि त्यावर दुसऱ्याचं नाव चौथ्या हिश्शाला लावलं. उरलेलं जिरायत रान पूर्ण घरचं आहे, पण पोट भरतं ते बागायतीवर. अटीही वाचण्यासारख्या आहेत. टेन्सेंटला पाच वर्षं हिस्सा वाढवता येणार नाही. पण युबिसॉफ्टनंच व्हँटेजमधलं बहुमत सोडलं तर ही अट लागू नाही. आणि युबिसॉफ्टवर बहुमत राखण्याचं बंधन आहे फक्त दोन वर्षांचं. ही दोन वर्षं संपतील तेव्हा पेपर नीट वाचा.

कंपनी शेअरबाजारातून काढून घेणार, असं वाचलं. त्यानं काय होतं?

ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेनं बातमी दिली होती की गिलमो कुटुंब आणि टेन्सेंट मिळून तसा विचार करत आहेत. म्हणजे बाजारातल्या लोकांचे शेअर ठरावीक भावानं विकत घ्यायचे आणि कंपनी पुन्हा खाजगी करायची. फ्रान्समध्ये एकाच गटाकडं ९० टक्के जमले की उरलेल्यांना शेअर द्यावेच लागतात.

व्हिवेंडीच्या वेळी सांगितलेल्या ३० टक्क्यांच्या अटीऐवजी आपल्याकडं सेबीचा नियम वेगळा आहे. हिस्सा २५ टक्के किंवा जास्त झाला की आणखी किमान २६ टक्क्यांसाठी खुली बोली लावायची. इथल्या कंपन्यांत पैसे असतील त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

खाजगी झाल्याचा फायदा असा की दर तिमाहीला बाजारापुढं हिशेब मांडावा लागत नाही, गेमला एक वर्ष जास्त देता येतं. पण पैसा कुठून आला हे बघावं लागतं. सप्टेंबर २०२५ मध्ये ईएच विकायचं जाहीर झालं, तब्बल ५,५०० कोटी डॉलरना. सौदी सरकारचा गुंतवणूक फंड आणि सिल्व्हर लेक, अ‍ॅफिनिटी पार्टनर्स या अमेरिकी गुंतवणूक कंपन्या हे घेणारे. त्यातले २,००० कोटी डॉलर कर्जाचे. अशा खरेदीत कर्ज घेणाऱ्याच्या डोक्यावर राहत नाही, ते विकल्या गेलेल्या कंपनीच्याच खात्यावर चढतं. हप्ता भरायचा कंपनीनं, म्हणजे शेवटी तिथल्या माणसांनी.

घेणारा नक्की काय तपासतो?

मार्केट यार्डात हळदीचे सौदे बघितलेत? पोतं फोडून ढीग ओततात. खरेदीदार वरवरचा रंग बघून बोली लावत नाही. तो ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, तळातलं हळकुंड बाहेर काढतो आणि मोडतो. कट्‌कन आवाज आला पाहिजे. मोडल्या जागी गाभा गर्द केशरी आहे की पिवळट, ओलसर आहे की वाळलेला, हे नखानं खरवडून बघतो, आणि मगच आकडा बोलतो.

गेम कंपनीतही हेच. वरचा रंग म्हणजे प्रसिद्ध नावं. गाभा म्हणजे त्या नावांचे हक्क कोणाकडं आहेत, कोणता गेम किती तयार झालाय, जुने गेम दर महिन्याला किती कमवतात, कर्ज कधी फेडायचंय, आणि कसबी माणसं अजून आहेत की सोडून गेलीत. शेवटची गोष्ट कागदावर दिसत नाही. ती हातात धरून मोडूनच कळते.

बोलणी फिसकटली तर?

तर आधीपेक्षा वाईट होऊ शकतं. स्वीडनच्या एम्ब्रेसर ग्रुप या गेम कंपनीनं येऊ घातलेल्या २०० कोटी डॉलरच्या करारावर भरवसा ठेवला होता. मे २०२३ मध्ये समोरचा मागं फिरला. पुढच्या महिन्यात कपात सुरू झाली, अनेक स्टुडिओ बंद झाले किंवा विकले गेले.

आणि गिऱ्हाईकच मिळालं नाही तर?

टीएचक्यू ही अमेरिकन कंपनी डिसेंबर २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि जानेवारी २०१३ मध्ये तिचा तुकड्यातुकड्यांनी लिलाव झाला. रेलिक स्टुडिओ सेगानं घेतला, व्होलिशन कोख मीडियानं. तिच्या माँट्रियलच्या स्टुडिओसाठी बोली लावली होती खुद्द युबिसॉफ्टनं. व्हिजिल नावाच्या स्टुडिओला मात्र कोणीच बोली लावली नाही. तो बंद झाला, माणसं घरी गेली. त्यांनी बनवलेल्या 'डार्कसायडर्स' या नावाला काही महिन्यांनी गिऱ्हाईक मिळालं. नाव विकलं गेलं, बनवणारे विकले गेले नाहीत. लिलावाचा विषय निघाला की मला हे आधी आठवतं.

माझा मुलगा पुण्यात टेस्टर आहे. नोकरी जाईल का?

खोटा धीर देत नाही. कंपनी खर्च कमी करत आहे आणि जगभरात माणसं कमी झाली आहेत. जानेवारी २०२६ मध्ये स्टॉकहोम आणि हॅलिफॅक्सचे स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर झालं. कामाचे पाच गटही पाडले आहेत. मुलाचं काम कोणत्या गटासाठी चालतं हे त्यानं विचारून घ्यावं. व्हँटेजच्या गेमवर असणं आणि रखडलेल्या गेमवर असणं यात फरक पडणार.

फ्रान्समध्ये असे बदल करण्याआधी कामगारांच्या प्रतिनिधी समितीचं म्हणणं कायद्यानंच ऐकून घ्यावं लागतं. पुण्यातल्या पोराला तशी बैठक मिळत नाही. म्हणून त्यानं आपले कागद आपण जपावेत. नेमणुकीच्या पत्रातला नोटीस पिरियड वाचून ठेवावा, पीएफचं खातं आधार आणि बँकेशी नीट जोडलेलं आहे का बघावं. ज्या गेमवर काम केलं आणि जे बाजारात आले, त्यांच्या शेवटच्या नामावलीत स्वतःचं नाव जिथं येतं त्याचा फोटो काढून ठेवावा. दुसरीकडं मुलाखतीला तो उपयोगी पडतो. न आलेल्या गेमबद्दल बाहेर बोलू नये, करार तसा असतो.

आणि काकू, एक विनंती. त्याला रोज फोन करून "काय झालं?" विचारू नका. त्यालाही आपल्याइतकंच कळतंय.

मी विकत घेतलेल्या गेमचं काय होईल?

कंपनी विकली गेली म्हणून गेम लगेच जात नाही. हक्क नव्या मालकाकडं जातात आणि चालू राहतात. धोका वेगळा आहे. ऑनलाइन दुकानातून आपण गेम घेतो तेव्हा गेम घेत नाही, वापरायची परवानगी घेतो. २०१४ चा 'द क्रू' घ्या. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले, आणि पैसे देऊन घेतलेल्यांनाही तो एकट्यानं खेळता येईना. त्यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबरनं मोहीम उभी केली, आणि युरोपात दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. कॅलिफोर्नियात २०२५ पासून दुकानाला स्पष्ट लिहावं लागतं की तुम्ही परवाना घेत आहात. नवा मालक खर्च कापायला बसला की कमी खेळले जाणारे सर्व्हर यादीत वरच असतात.

माझ्या घरचं सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या गावभागातल्या घरात छातीइतकं पाणी होतं. कॅफेच्या डिस्कची तीन खोकी खालच्या खोलीत होती. पाणी ओसरल्यावर खोक्यांचा लगदा झाला होता आणि प्रत्येक डिस्कवर कृष्णेचा तांबडा गाळ सुकून बसला होता. मी आणि बायकोनं त्या एकेक करून साबणाच्या पाण्यात धुतल्या, मधून कडेकडं पुसल्या, आणि जिन्याच्या कठड्यावर दोरी बांधून भोकातून ओवून सावलीत टांगल्या. शंभरावर डिस्क होत्या. सत्त्याऐंशी चालल्या. त्याच साली माझ्या मुलानं वाढदिवसाच्या पैशांतून घेतलेला एक ऑनलाइन गेम मात्र दोन वर्षांनी त्या कंपनीनं बंद केला. घरात पाण्याचा थेंबही आला नव्हता.

शेअर स्वस्त झालाय, घेऊ का?

हा शेअर पॅरिसच्या बाजारात आहे, आपल्या एनएसई-बीएसईवर नाही. परदेशी शेअरसाठी रिझर्व्ह बँकेची योजना आहे, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत. पण विक्री होईल आणि भाव चढेल एवढ्याच आशेवर घेणार असाल, तर वरचं व्हँटेजचं उत्तर पुन्हा वाचा. बागायती तुकडा आधीच वेगळा झालाय.

जुन्या डिस्क तुमच्याकडं आणून दिल्या तर ठेवाल का?

ठेवतो. गेल्या महिनाभरात चाळीसेक आल्या. डिस्क गोल फिरवून पुसू नका, मधून बाहेर सरळ पुसा. मार्करनं नाव लिहिलेलं असलं तरी चालतं, खोडू नका. एकावर 'नववी ब, सुट्टीत परत देणे' असं लिहिलंय, ती तशीच ठेवली आहे. जुनं विंडोज एक्सपीचं एक मशीन चालू ठेवलंय. सँड्स ऑफ टाइम, २००३ चा, त्यावर चालतो. संध्याकाळी सहानंतर दुकान मोकळं असतं, पोरांना घेऊन या.